उघडू का?

“मावशी, उतर खाली! तुझे गुडघे आणि ते स्टूल, दोघांचाही भरवसा नाही मला.”

भाची खालून ओरडत होती, पण चादरबाई स्टुलावरून हलेना. पडद्याच्या दांडीतली शेवटची कडी गंजून बसली होती आणि ती निघाल्याशिवाय उतरायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. चादरबाई एकदा हट्टाला पेटली की इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांचीही डाळ शिजत नसे, तिथे या कालच्या पोरीची काय कथा! तिनं कडीला दोन्ही हातांनी हिसडा दिला. कडी, दांडी, तो जाडजूड काळा पडदा आणि ढीगभर धूळ असं सगळं एकदम खाली आलं आणि त्यामागोमाग खोलीत ऊन आलं.

दोघी पोटभर शिंकल्या. मग चादरबाईनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले आणि समोर बघितलं.

“अगं बाई! ही भिंत निळी आहे!”

“मग तुला काय वाटलं होतं?”

“मला वाटलं राखाडी.”

भाची हसत सुटली. चादरबाईही हसली, पण जरा उशिरा. ज्या घरात संसार केला त्या घराच्या भिंतीचा रंग आपण विसरून जावा, यात हसण्यासारखं किती होतं ते तिला लगेच ठरवता आलं नाही.

“आता बघून घे निळी,” भाची म्हणाली. “उद्यापासून पांढरी.”

चादरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत कामाला होती. चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून धुवायला जायचं आणि धुऊन तिच्याकडेच यायचं. फाटलेलं ती शिवायची, विरलेलं बाजूला काढायची आणि प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्या त्या वॉर्डाची खूण घालायची. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला चादरबाईच म्हणत. पुढे शेजारीपाजारीही म्हणू लागले. आता ती निवृत्त झाली होती, नाव मात्र अजून नोकरीवर होतं.

मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. घर खायला उठतं, असं तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. पण दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, चुकून भलत्याच मजल्यावर चढलेला एखादा पाहुणा, यांना ती दारात जरा जास्तच वेळ थांबवून ठेवायला लागली होती. मीटरवाला तर हल्ली तिच्या मजल्यावर यायचं टाळतो की काय, असं तिला वाटे. धाकट्या बहिणीच्या कानावर यातलं काहीतरी गेलं असावं. तिनं आपल्या लेकीला सुटीत मावशीकडे धाडून दिलं. लेक घरं सजवण्याचं शिक्षण घेत होती आणि परीक्षेला दाखवायला तिला एक खरंखुरं घर सजवून हवं होतं. मावशीचं घर आयतंच हाती लागलं.

आल्या दिवशीच तिनं फोनमधले फोटो मावशीच्या नाकासमोर नाचवले होते. पांढऱ्या भिंती, वेताच्या खुर्च्या, तागाच्या सतरंज्या, छताला टांगलेल्या कुंड्या, भिंतीवर दोरीच्या गाठींच्या झालरी आणि खिडक्यांना असून नसल्यासारखे पडदे.

“हे कुणाचं घर?”

“कुणाचं नाही गं, ही स्टाईल आहे. बोहो म्हणतात. भटक्या लोकांसारखं. मोकळं, हवेशीर, सगळीकडे उजेडच उजेड.”

“भटके लोक घर कशाला सजवतील?”

“मावशी!”

“विचारलं आपलं.”

तरी चादरबाईनं फोन हातात घेतला आणि ते फोटो पुन्हा पुन्हा बघितले. उजेड होता, झाडं होती, हे तर खरंच. पण तिची नजर दुसरंच काहीतरी शोधत होती. एकाही फोटोत बंद दार नव्हतं. एका खोलीतून दुसरी दिसत होती, दुसरीतून तिसरी. कुठं टकटक करावी लागेल, अशी जागाच नव्हती.

“कर,” तिनं फोन परत देत म्हटलं. “सगळं असंच कर.”

मग काय, घरात नुसता धुमाकूळ सुरू झाला. रंगाऱ्यानं नुकतीच सापडलेली निळी भिंत पांढरी करून टाकली. लोखंडी कपाट गेलं, जाड गाद्यांचा जुना सोफा गेला, खिडक्याखिडक्यांचे काळे पडदे गेले. पांढऱ्या रंगात आपला हात कुणी धरणार नाही, अशी चादरबाईची समजूत होती. पण भाचीनं तिथेही तिला नापास केलं.

“हा मलईचा पांढरा आहे मावशी. तुझा ब्लीचचा.”

“पांढरा तो पांढरा.”

“नाही गं. तुझ्या पांढऱ्याकडे बघून इंजेक्शन आठवतं.”

सगळ्यात मोठं भांडण झालं ते पांघरुणावरून. वेताच्या खुर्चीवर एक सुती पांघरूण ‘सहज टाकल्यासारखं’ दिसायला हवं होतं. भाचीनं ते टाकलं. चादरबाईनं जाता जाता त्याचे कोपरे जुळवले, घडी घातली, हातानं सुरकुती काढली. भाचीनं पुन्हा विस्कटलं. चादरबाईनं पुन्हा घडी घातली. तिला ते कळतही नव्हतं, हात आपोआप चालायचे. नीट कसं ठेवायचं हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती, पण विस्कटलेलं कसं ठेवायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी भाचीनं तिला त्या खुर्चीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, अशी ताकीद दिली.

गाठींची झालर मात्र तिनं झटक्यात उचलली. भाचीनं दोन गाठी दाखवल्या आणि पुढचं सगळं चादरबाईनं एका बैठकीत विणून काढलं. उशांचे अभ्रेही तिनंच शिवले. जाड पांढरं कापड, कडेला बारीक झालर. भाची एकेक अभ्रा उचलून कौतुक करत होती आणि मधेच थांबली.

“हे काय आहे गं कोपऱ्यात?”

कोपऱ्यात लाल दोऱ्यानं सुबक ‘बै’ काढलेलं होतं. दुसऱ्यावर ‘झो’.

“खूण,” चादरबाई म्हणाली. “बैठकीतला बैठकीत, झोपायच्या खोलीतला झोपायच्या खोलीत. धुवायला गेलं की मिसळत नाही.”

“कुणात मिसळणार आहे मावशी? एकटीच तर राहतेस तू!”

म्हटलं आणि पोरीनं जीभ चावली. चादरबाईनं काही मनावर घेतल्याचं दाखवलं नाही. “हो की,” ती म्हणाली. तिनं कात्री घेतली, खिडकीपाशी बसली आणि लाल दोरा एकेक टाका करून उसवला. पांढऱ्या कापडावर टाक्यांची भोकं तेवढी राहिली. ती पहिल्या धुण्यात बुजतात, हे तिला माहीत होतं.

घर होत आलं तशी भाचीची नजर स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीकडे वळली. बिनखिडकीची एवढीशी खोली. तिचं दार कायम लावलेलं.

“आणि ही तर आपल्या घराची शान होणार! दार काढून टाकायचं, आत जमिनीवर गादी, उशा, वर बारीक दिव्यांची माळ. बसून वाचायचा कोपरा. परीक्षकांनी नुसतं तोंडात बोट घालायला हवं. काय ठेवलंयस गं तू आत?”

“काही नाही. काकांचं स्टूल आणि त्यांची उशी.”

“काका कोठीत बसायचे?”

“बसायचे,” एवढंच म्हणून चादरबाईनं चहाचं आधण ठेवलं.

तिचा नवरा त्याच इस्पितळात अंधारखोलीत कामाला होता. एक्स-रे काढला की फिल्म त्याच्याकडे यायची. लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तो ती औषधाच्या पाण्यात बुडवायचा, धुवायचा आणि चिमटा लावून वाळत घालायचा. मधेच कुणी दार उघडलं आणि बाहेरचा उजेड आत शिरला की फिल्म काळीठिक्कर पडायची. मग पेशंटला पुन्हा उचलून टेबलावर घ्या, पुन्हा विव्हळायला लावा. म्हणून तिथे एक रीत होती. दारावर टकटक करायची आणि विचारायचं, “उघडू का?” आतून “थांबा” आलं तर थांबायचं. “या” आलं की जायचं.

नव्यानं कामाला लागलेल्या चादरबाईला एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. ती टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून सरळ दार ढकलून आत गेली.

“विचारून उघडायचं असतं!” आतला माणूस म्हणाला.

तो ओरडला असता तर तिनंही दोन सुनावले असते. पण तो ओरडला नव्हता, कळवळला होता. एका म्हातारीच्या मोडलेल्या खुब्याची फिल्म वाया गेली होती आणि तिला आता पुन्हा हलवावं लागणार म्हणून त्याच्याच हाडाला कळ लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. दुसऱ्या दिवशी चादरबाई पुन्हा टॉवेल घेऊन गेली. टकटक केली, “उघडू का?” म्हणाली. आतून “थांबा” आलं. ती भिंतीला टेकून थांबली. मग “या” आलं. त्यानंतर अंधारखोलीला रोजच टॉवेल लागू लागले. एका माणसाला इतके टॉवेल लागतात तरी कशाला, याचं सगळ्या इस्पितळाला कोडं पडलं. कोडं सुटलं तेव्हा दोघांचं लग्न झालेलं होतं.

वॉर्डबॉय त्याला वटवाघूळ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. पुढे नवी यंत्रं आली. फिल्म गेली, औषधाचं पाणी गेलं, लाल दिवा गेला. अंधारखोलीत मोडक्या चाकांच्या खुर्च्या रचून ठेवल्या आणि तिच्या नवऱ्याला ट्यूबलाइटखाली खिडकीवर बसवलं, नंबर वाटायला. तिथेच त्याचे डोळे दुखू लागले. आधी सगळ्यांना वाटलं, सवय नाही म्हणून. पण तो आजार होता आणि तो हटला नाही. उजेड त्याला सुयांसारखा टोचायचा. नोकरी सुटली. चादरबाईनं दुहेरी काळ्या कापडाचे पडदे शिवले, घरभर लावले. तेवढ्यानंही भागेना तेव्हा तो दिवसाचा कोठीत बसायला लागला. रेडिओ हळू आवाजात लावून, भिंतीला टेकून.

ती कामावरून आली की चहा करायची आणि कोठीच्या दारावर टकटक करायची.

“उघडू का?”

“थांब.”

मग आतून चष्म्याच्या डबीचा टक् असा आवाज यायचा. तो काळा चष्मा चढवायचा.

“ये.”

त्या ‘थांब’ आणि ‘ये’ यांच्या मधल्या वेळात ती दाराबाहेर कप घेऊन उभी असायची. कधी तिला वैताग यायचा. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असायचं, लोक फिरायला निघालेले असायचे आणि ही आपली अंधारात एका फळीकडे बघत उभी. एकदा ती म्हणालीसुद्धा, “माझं लग्न तुमच्याशी झालंय की या दाराशी?”

आतून हसण्याचा आवाज आला. “दार चांगलं आहे गं. लाकूड उत्तम आहे. माझ्यापेक्षा टिकेल.”

तसंच झालं.

तिची नोकरी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. ती घरी आली, चहा केला, टकटक केली. “उघडू का?” आतून काही आलं नाही. रेडिओ चालू होता. डोळा लागला असेल, असं म्हणून ती थांबली. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबली. चहा गार झाला म्हणून गरम करून आणला आणि तिसऱ्यांदा विचारलं. दाराला आतून कडी नव्हती. नुसतं ढकलायचं होतं. पण “ये” आलं नव्हतं, म्हणून तिनं ढकललं नाही. शेवटी ढकललं तेव्हा तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेलेला होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, दुपारी जेवणाच्या सुमारासच सगळं संपलं होतं, तुम्ही आल्या आल्या उघडलं असतं तरी काही फरक पडला नसता. डॉक्टर ओळखीतले होते, खोटं बोलणारे नव्हते. चादरबाईला ते पटलंही. पण आपण नसलेल्या माणसाची परवानगी मागत गरम चहा घेऊन उभ्या होतो, हे काही तिच्या मनातून जाईना. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक हळहळतील आणि वर मनातल्या मनात म्हणतील, वेडीच आहे बाई. त्या दिवसापासून बंद दार तिला बघवत नसे. एकटीच्या घरात ती न्हाणीघराचं दारसुद्धा लोटून घेत नसे.

म्हणून भाचीनं कोठीचं दार काढायचं म्हटलं तेव्हा तिनं एका शब्दानं विरोध केला नाही. उलट म्हणाली, “आधी तेच काढायला हवं होतं.”

पण सुतार म्हणजे सुतार. आज येतो म्हणाला, उद्या येतो म्हणाला आणि भाचीची सुटी संपून गेली. “दार काढलं की मला फोटो पाठव हं मावशी,” असं बजावत ती गाडीत बसली. “त्या कोपऱ्यावर माझे निम्मे मार्क आहेत.”

चादरबाई घरी परतली. घर खरोखर सुंदर झालं होतं. झिरझिरीत पडदे वाऱ्यावर फुगत होते, कुंडीतल्या वेलाला नवं पान फुटलं होतं, उजेड तर जमिनीवरून भिंतीवर चढत होता. ती आधी एका वेताच्या खुर्चीत बसली. मग दुसरीत. मग जमिनीवरच्या गादीवर बसून बघितलं, पण तिथून उठताना गुडघ्यांनी असहकार पुकारला. सगळीकडून घर छान दिसत होतं आणि तिला रडू येत होतं. अंधारात एकटं असणं तिच्या सवयीचं होतं. अंधारात निदान पलीकडे कुणी आहे असं समजता यायचं. इथे सगळंच दिसत होतं, कुणी नाही हेही.

हे कुणीतरी बघायला हवं, असं म्हणून तिनं नणंदेला फोन केला.

वन्सं आल्या त्या फळांची पिशवी घेऊन. नवऱ्याची ही धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि जिभेनं तिखट म्हणून सगळ्या नात्यात नावाजलेली. चादरबाईनं सकाळपासून उत्तरं तयार करून ठेवली होती. ‘दादाला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुला घर नटवायचं सुचतं?’ असं त्या म्हणणार. मग आपण म्हणायचं, ‘किती वर्षं अंधारात काढली ते मला विचारा.’ ती कंबर कसूनच उभी होती.

पण वन्सं तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या, झालरीवरून हात फिरवला, कुंडीतली माती बोटानं चाचपली. “छान झालंय गं वहिनी. खरंच छान. तू विणलंस हे?” मग त्या वेताच्या खुर्चीत बसल्या. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून उठून दुसरीत बसल्या. तिथेही ऊन होतं. त्यांनी हाताचा आडोसा केला आणि सबंध खोलीवर एकदा नजर फिरवली.

“फक्त दादाला बसायला कुठं जागाच नाही राहिली गं.”

टोमणा असता तर चादरबाईनं परतवला असता. हा टोमणा नव्हता. वन्संचे डोळे भरून आले होते. ती चहाचे कप पुन्हा पुन्हा सरळ करत बसली.

“लहानपणीसुद्धा असाच,” वन्सं म्हणाल्या. “लपाछपी खेळताना कपाटात जाऊन बसायचा. त्याला अंधाराची भीती म्हणून नव्हतीच. आणि शोधून काढून दार उघडलं की आमच्यावरच डाफरायचा. विचारलंस का? विचारल्याशिवाय उघडलंस, मी आउट नाही! असा चिडका. आम्ही भांडून भांडून थकायचो.”

“हे मला कधी नाही सांगितलं.”

“त्याच्याही लक्षात नसेल गं. एवढे एवढे होतो आम्ही.” वन्संनी डोळे पुसले. “ते कोठीचं दारही काढतेयस ना? फोनवर म्हणालीस.”

“उद्या येतोय सुतार.”

“काढ बाई. राहायचं तुला आहे.” उठताना त्यांनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तिथेच राहू दिला. “काढ.”

दुसऱ्या दिवशी सुतार चक्क सांगितल्या वेळेला आला. हा चमत्कार त्यानं स्वतःच बोलून दाखवला. चांगला जाणता, गप्पिष्ट गडी. घरात पाय टाकल्या टाकल्या त्यानं चारी बाजूंना बघितलं.

“वा! एकदम मोकळं केलंय की घर. उजेड काय मस्त येतोय. कुठलं दार काढायचं म्हणालात?”

“ते. कोठीचं.”

त्यानं बोटाच्या पेरानं दारावर वाजवून बघितलं. टक टक. चादरबाई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा गाळत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

“लाकूड चांगलं आहे हो बाई,” सुतार म्हणत होता. “उगाच काढताय. असलं लाकूड आता मिळायचं नाही. बरं, मला काय! बिजागऱ्या आतल्या अंगाला दिसतायत, उघडून बघतो.”

त्यानं पेचकस दातांत धरला आणि दार ढकलायला हात पुढे केला.

“थांबा!”

शब्द इतक्या जोरात आला की सुतार दचकला. त्याहून जास्त चादरबाई दचकली. त्या दाराशी तो शब्द तिनं आजवर कधी उच्चारला नव्हता. तो आतून यायचा आणि ती बाहेर ऐकायची. ती चहाची गाळणी हातात तशीच घेऊन दाराशी आली. गाळणीतून फरशीवर थेंब पडत होते.

सुतारानं तोंडातला पेचकस काढला. त्यानं बाईकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“आत कुणी आहे का हो?”

“नाही,” चादरबाई म्हणाली. “पण विचारून उघडायचं असतं.”

सुतारानं आयुष्यात पुष्कळ घरं बघितली होती. त्यानं पेचकस पिशवीत ठेवला, तोही आवाज न करता.

“मग राहू दे आज?”

“आज नाही, राहूच दे. तुमची फेरी फुकट गेली.”

“फुकट कशी? चहा आहे की.” त्यानं कप घेतला आणि उभ्या उभ्या दोन घोट प्यायला. “बिजागरी कुरकुरत असेल तर तेल घालून जातो. बाहेरूनही सोडता येतं, फटीतून. उघडायला नको.”

“घाला,” ती म्हणाली.

सुतार गेल्यावर तिनं भाचीला फोन केला. “दार राहणार आहे,” तिनं सांगून टाकलं. “तुझे मार्क जातील त्याचं मला वाईट वाटतं. पण दार राहणार.” मग भाची म्हणाली, “बरं मावशी. मी बंद दाराचाच फोटो लावते. सांगेन काहीतरी.” पोरगी गुणाची होती.

दुपारी ऊन बैठकीच्या मध्यापर्यंत आलं तेव्हा चादरबाई खिडकीपाशी सुईदोरा घेऊन बसली. उजेड इतका चांगला होता की सुई पहिल्याच खेपेला ओवली गेली. उरलेल्या कापडाचा एक अभ्रा तिनं शिवला होता, मलईच्या पांढऱ्या रंगाचा. त्याच्या कोपऱ्यात तिनं लाल दोऱ्यानं ‘को’ काढला, कोठीचा. धुवायला गेलं की मिसळायला नको. दोरा दातानं तोडला, टाके हातानं दाबून सपाट केले आणि नव्या अभ्र्याची घडी छातीशी धरून ती कोठीच्या दाराशी गेली. आत स्टुलावर त्याची उशी होती, तिला हा चढवायचा होता.

तिनं टकटक केली.

“उघडू का?”

काळा चष्मा डबीतून काढून डोळ्यांवर चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढी ती थांबली. मग आपल्यापुरतं दार उघडून आत गेली आणि उजेड आत येऊ नये म्हणून तिनं ते मागे लोटून घेतलं.